रोजच्या वापराला पिकअप : फोर बाय फोर घ्यावा की साधा?



ऊस नोंदीसाठी गट ऑफिसात येणारे सभासद पूर्वी आम्हाला दोनच गोष्टी विचारीत. कोणती जात लावू आणि तोड कधी येईल. अलीकडे तिसरा प्रश्न सुरू झाला आहे. "साहेब, डबल केबिनचा पिकअप घ्यायचा म्हणतोय. फोर बाय फोर घेऊ का साधा? टॉप मॉडेल घेऊ का खालचं?" प्रश्न बहुधा मुलगा विचारतो. पैसे मात्र वडिलांच्या ऊस बिलाचे असतात, म्हणून वडील शेजारी गप्प बसलेले असतात आणि आमच्या तोंडाकडे तेच जास्त बारकाईने बघत असतात.

आम्ही मोटारीचे इंजिनिअर नव्हे, आमची पदविका शेतीची. परंतु नोकरीतली वर्षे पाणंदी, पाटाच्या कडा आणि आडसालीच्या लावणीतले चिखल तुडवण्यात गेली, निरनिराळ्या गाड्यांतून गेली, आणि कुठली गाडी कुठे रुतते, का रुतते हे पाहायला मिळाले. त्या आधारावर चार गोष्टी मांडतो.

पहिली गोष्ट अशी की, गाडीचे मॉडेल निवडणे हे उसाची जात निवडण्यासारखे आहे. क्षारपड रानात २६५ चालतो म्हणून उत्तम निचऱ्याच्या रानातल्या माणसाने ८६०३२ मोडून तोच लावावा असे आपण सांगत नाही. रान बघून जात ठरते. पिकअपच्या बाबतीत मात्र आपण उलटे करतो. शेजाऱ्याने काय घेतले ते आधी बघतो आणि आपला रस्ता कसा आहे ते नंतर.

तेव्हा आधी रस्ता मोजा. सकाळी डेअरीला दूध, मग पोरांना शाळा, तालुक्याला बाजार किंवा कोर्टाचे काम, येता येता खताची पोती, आणि संध्याकाळी रानात एक चक्कर. यात डांबरी किती आणि कच्चा किती? समजा दिवसाला तीस किलोमीटर होत असतील, तर बहुतेकांच्या बाबतीत रानातला कच्चा तुकडा दोन-तीन किलोमीटरचा असतो. त्यातही चाक खरोखर जागेवर फिरते असे दिवस वर्षात किती येतात? एक पावसाळा कॅलेंडरवर खुणा करा. ज्या दिवशी गाडी अडली त्या दिवशी फुली. ऑक्टोबरात फुल्या मोजल्या की निम्मा निर्णय तिथेच होतो. हे काम फुकट आहे, आणि कोणताही शोरूमवाला ते तुम्हाला सांगणार नाही.

आता फोर बाय फोर म्हणजे नेमके काय ते बघू. साध्या पिकअपमध्ये इंजिनची ताकद फक्त मागच्या दोन चाकांना जाते. मागे हौदा रिकामा असला की मागच्या चाकांवर वजनच नसते, म्हणून ओल्या चढावर ती चटकन फिरतात. फोर बाय फोरमध्ये गरजेला पुढची चाकेही जोडता येतात. शिवाय 'लो'चा गिअर असतो. त्यात गाडी अगदी सावकाश, पण बैलासारखी नेटाने ओढते. आपल्याकडे मिळणाऱ्या इसुझू व्ही-क्रॉस, टोयोटा हायलक्स यांसारख्या पिकअपमध्ये ही जोडणी गरजेपुरती करायची असते, कायमची नव्हे. हा मुद्दा फार सभासदांना ठाऊक नसतो, म्हणून थोडा खोलात सांगतो.

गाडी वळते तेव्हा पुढची चाके मोठ्या वळशाने जातात आणि मागची लहान वळशाने. म्हणजे पुढच्या चाकांना जास्त अंतर कापावे लागते. फोर बाय फोर जोडल्यावर पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना बांधले जातात, दोघांना सारखेच फिरावे लागते. चिखलात, मुरमात, वाळूत चाक थोडे घसरून हा फरक भरून काढते. कोरड्या डांबरावर चाक घसरत नाही. मग सगळा ताण आतल्या गिअरांवर आणि शाफ्टवर येतो, स्टिअरिंग जड होते, वळताना गाडी आचके देते. "चारही चाकं लावली म्हणजे हायवेला पकड चांगली राहते" असे म्हणून कोरड्या रस्त्यावर ती तशीच पळवणारे आमच्या पाहण्यात आहेत. अशाने पकड वाढत नाही, खर्च वाढतो. म्हणजे असे, की रोजच्या डांबरी वापरात फोर बाय फोरवाला आणि साधा पिकअपवाला दोघेही मागच्या दोन चाकांवरच चाललेले असतात. फरक एवढाच, की एकाच्या पोटाखाली जादा यंत्राचे वजन लोंबत असते आणि तेवढे तेल जास्त जळते.

मग त्याला किती पैसे पडतात? भाव दरवर्षी बदलतात, म्हणून एका सालाचाच हिशेब घेऊ. मे २०२१ मध्ये इसुझूने बीएस-६ च्या गाड्या आणल्या तेव्हा शोरूमचा सुरुवातीचा भाव असा होता : साधा हाय-लँडर १६.९८ लाख, व्ही-क्रॉस झेड फोर बाय फोर २०.९८ लाख, आणि सर्वांत वरचा झेड प्रेस्टीज, ऑटोमॅटिक, २४.४९ लाख. इंजिन तिन्हींत एकच, १.९ लिटरचे, १६३ अश्वशक्तीचे. खालच्या आणि मधल्या गाडीत चार लाखांचा फरक. त्या २०२१-२२ च्या हंगामात एफआरपी १० टक्के उताऱ्याला टनाला २,९०० रुपये होती. म्हणजे चार लाख म्हणजे सुमारे १३८ टन उसाचे बिल झाले, तेही तोडणी-वाहतूक वजा न करता. सर्वांत वरच्या मॉडेलापर्यंत गेलात तर फरक साडेसात लाखांचा, म्हणजे सुमारे २५९ टन. किती एकरांचा ऊस झाला हे आम्ही सांगत बसत नाही, तुमचे तुम्हाला ठाऊक. टोयोटा हायलक्स २०२२ साली आली तीच सरसकट फोर बाय फोर, २.८ लिटर इंजिनाची, ३३.९९ लाखांपासून पुढे. तिच्यात साधे घेऊ की फोर बाय फोर हा प्रश्नच नव्हता. दुसऱ्या टोकाला बोलेरो कॅम्पर. अडीच लिटरचे, ७५ अश्वशक्तीचे इंजिन, पळायला सावकाश, पण भार ओढायला केलेली गाडी. तिच्यातही फोर व्हील ड्राइव्हचा प्रकार निघाला.

या सगळ्यात आपल्या भागापुरते एक वेगळे कारण आहे. आपल्या रानात गाडी अडली तर शंभर पावलांवर कुणाचा तरी ट्रॅक्टर असतोच. डोंगरात, जंगलात एकट्या फिरणाऱ्या माणसाला फोर बाय फोर म्हणजे घरी परत येण्याची खात्री असते. आपल्याला तेच काम ट्रॅक्टर आणि चांगला पट्टा करतो. मात्र ओढताना साखळी बंपरला बांधू नका, कंपनीने दिलेल्या हुकालाच बांधा, आणि ओढत असताना पोरांना आजूबाजूला उभे राहू देऊ नका. तुटलेली साखळी माणसाला आयुष्यभराची इजा करते.

असे असले तरी फोर बाय फोर कुणीच घेऊ नये असे आमचे म्हणणे नाही. ज्यांची वस्ती रानात आहे, पाणंद काळ्या मातीची आहे, पावसाळ्यात रात्री-अपरात्री आजारी माणसाला घेऊन बाहेर पडायची वेळ येऊ शकते, त्यांनी ते जरूर घ्यावे. चार लाख तिथे कारणी लागतात. डोंगरकपारीच्या वाड्यांवरचे सभासदही त्यातच आले. तसेच ज्यांना जनावरांची किंवा खताची ट्रॉली ओल्या चढावर ओढायची असते ते. बाकी ज्यांच्या दारापर्यंत डांबर आले आहे आणि रान रस्त्याला लागून आहे, त्यांनी पुन्हा एकदा कॅलेंडर बघावे.

काळ्या मातीचा विषय निघालाच आहे तर टायरबद्दल बोलू, कारण आमच्या मते फोर बाय फोरपेक्षा टायर मोठा विषय आहे. वरच्या मॉडेलांना हल्ली मोठ्या रिमचे, रुंद, देखणे टायर येतात, आणि काही जण त्याही पुढे जाऊन मोठ्या गट्ट्यांचे चिखलाचे टायर बाहेरून बसवतात. मुरमाड आणि खडकाळ रानात त्या गट्ट्यांचा उपयोग होतो. आपली चिकण माती मात्र गट्ट्यांमध्ये अशी बसते की पन्नास पावलांत टायरचा गुळगुळीत रूळ होतो, आणि रूळ चार असले काय न् दोन असले काय, फिरतच बसतात. उलट हेच टायर डांबरावर आवाज करतात, लवकर झिजतात आणि ओल्या गुळगुळीत रस्त्यावर ब्रेक दाबल्यावर गाडी लांब जाऊन थांबते. रोज पोरांना शाळेत सोडणाऱ्या गाडीला ही शेवटची गोष्ट चालणार नाही. डांबर आणि कच्चा दोन्हींना चालणारा मध्यम नक्षीचा टायर कंपनीने दिला असेल तर तोच ठेवावा. आणखी एक. रिम मोठी झाली की टायरची भिंत उंचीला कमी होते, खड्ड्यात दणका जास्त बसतो आणि गावात तो टायर मिळत नाही. खालच्या मॉडेलाची सोळा इंची लोखंडी रिम दिसायला गरीब, पण वाकली तर ठोकून सरळ होते.

हवेकडेही लक्ष असू द्या. दरवाजाच्या चौकटीवर रिकाम्या आणि भरलेल्या गाडीची हवा वेगवेगळी लिहिलेली असते. भरलेल्या गाडीची हवा ठेवून रिकामा पिकअप फिरवला की मागचा भाग उड्या मारतो. आधीच मागे पाटे असतात, ते भार सोसायला केलेले, रिकाम्यात कडकच लागणार. मागच्या सीटवर म्हातारी माणसे बसणार असतील तर ही तक्रार रोजची होते. घरातल्या बाईमाणसांना विचारल्याशिवाय पिकअप घेऊ नये असे आम्ही म्हणतो ते यासाठी.

उंचीबद्दल गैरसमज फार आहे. गाडी वर दिसली म्हणजे रानात अडत नाही असे नाही. पिकअपच्या मागच्या डिफरन्शियलचा गोळा हाच बहुधा सर्वांत खालचा भाग असतो. ऊस भरलेल्या ट्रॉल्यांनी पाणंदीत दोन खोल चाकोऱ्या पाडलेल्या असतात, मधली माती उंच राहते, आणि नेमका गोळा त्या उंचवट्यावर बसून चाके अधांतरी फिरू लागतात. इथे टॉप मॉडेल आणि खालचे मॉडेल दोघेही सारखेच बसतात. एक चाक चाकोरीबाहेर काढून चालवणे हा त्यावरचा उपाय, आणि तो ड्रायव्हरच्या डोक्यात असावा लागतो.

आता आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट सांगतो, जी कुठल्याही मॉडेलाच्या जाहिरातीत नसते. एप्रिल २०२० पासून बीएस-६ आले. तेव्हापासून या डिझेल पिकअपच्या सायलेन्सरच्या वाटेवर काजळी धरून ठेवणारी एक गाळणी असते, तिला डीपीएफ म्हणतात. काजळी साठली की गाडी स्वतःच ती जाळून टाकते. त्यासाठी आतले उष्णतामान सुमारे सहाशे अंशांपर्यंत जाते आणि गाडी काही वेळ सलग, चांगल्या वेगात चालावी लागते. आपला वापर कसा? घर ते डेअरी दोन किलोमीटर, डेअरी ते रान तीन किलोमीटर, इंजिन गरम होते न होते तोच बंद. अशाने गाळणी साफ होण्याचे काम अर्धवट राहते, काजळी साठत जाते, दिवा लागतो, आणि दुर्लक्ष केले तर गाडीची ताकद जाते व वर्कशॉपचे मोठे बिल येते. ज्यांचा वापर असा तुकड्या-तुकड्यांचा आहे त्यांनी अधूनमधून गाडी मोठ्या रस्त्यावर वीस-पंचवीस मिनिटे सलग न्यावी, आणि तो दिवा लागला असताना गाडी बंद करू नये. गाडी काय, म्हैस नव्हे, दावणीला बांधून ठेवली की झालं! रोजचा वापर खरोखरच पाच किलोमीटरचा असेल तर इतका मोठा डिझेल पिकअप घ्यावाच का, याचा विचार करा.

यातच दुसरा धोका. तोड झालेल्या फडात गुडघाभर वाळलेले पाचट पसरलेले असते. त्यावर गरम सायलेन्सरची गाडी उभी केली, त्यातून त्याच वेळी गाळणी साफ होत असेल, तर खाली आग लागायला वेळ लागत नाही. गाडीबरोबर शेजाऱ्याचा उभा फडही जाईल. गाडी बांधावर, मोकळ्या जमिनीवर लावा, पाचटात घालू नका. फडातून आल्यावर गाडीखाली वाकून बघा, शाफ्टला आणि सायलेन्सरला गुंडाळलेले पाचट काढा. पाचट न जाळता कुजवा म्हणून आम्ही इतकी वर्षे सांगतो आहोत, ते गाडीने पेटवून द्यावे असे कुणालाच वाटणार नाही.

भाराचे गणितही खरेदीपूर्वीच करा. पिकअप म्हणजे टनभर माल असा समज जुन्या गाड्यांवरून झालेला आहे. कॅम्परसारखी गाडी त्या भाराची आहे. व्ही-क्रॉस, हायलक्स या मात्र घरच्या वापराकडे झुकलेल्या गाड्या आहेत. कागदावर भरलेल्या गाडीचे कमाल वजन आणि रिकाम्या गाडीचे वजन दिलेले असते. वजाबाकी करा. जे उरते त्यात माणसेही आली. पाच माणसे सत्तर किलोंची धरली तर साडेतीनशे किलो तिथेच संपले. युरियाची दहा पोती, पंचेचाळीस किलोंची, म्हणजे साडेचारशे. मिळून आठशे. वजाबाकीचा आकडा त्याच्या खाली असेल तर एक तर माणसे उतरली पाहिजेत नाही तर पोती. ऊस रोपांचे ट्रे हलके असतात, त्यांना वजनापेक्षा जागा लागते. त्यासाठी डबल केबिनचा आखूड हौदा अपुरा पडतो हे लक्षात ठेवा.

कागदपत्रांचे थोडक्यात. गाडी खाजगी नोंदणीची, म्हणजे पांढऱ्या पाटीची, की मालवाहू नोंदणीची, हे बुकिंगच्या आधी लेखी विचारा. खाजगी गाडीने भाडे मारता येत नाही. मालवाहू नोंदणीला पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी फिटनेस करावा लागतो. भरलेल्या गाडीचे वजन तीन हजार किलोंच्या आत असेल तर मालवाहतुकीचा परवाना लागत नाही. हलक्या वाहनाच्या लायसनवर साडेसात हजार किलोंपर्यंतची मालवाहू गाडी चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली सांगितले व नोव्हेंबर २०२४ मध्ये घटनापीठाने कायम केले. हौद्यात माणसे बसवणे मात्र बेकायदा आहे. तोडणीची टोळी एका फडातून दुसऱ्या फडात हौद्यातून नेण्याची आपल्याकडे सवय आहे. अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते आणि भरपाई मालकाच्या सातबाऱ्यावर येऊ शकते. पुढे लोखंडी गार्ड बसवणेही कायद्यात बसत नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये तसे राज्यांना कळवले आहे. त्या गार्डामुळे धडकेत एअरबॅग वेळेवर न उघडण्याचाही धोका असतो.

टॉप मॉडेलातले मोठे पडदे, चामड्याच्या सीटा, हौद्यावरचे चकचकीत नळे यांवर आम्ही काही लिहीत नाही, ज्याची त्याची हौस. मात्र एक गोष्ट हौसेतली नाही. रिकामा पिकअप ओल्या रस्त्यावर वळताना मागून घसरतो. ते आवरणारी ईएससी ही व्यवस्था आणि जास्त एअरबॅग पुष्कळदा वरच्या मॉडेलातच देतात. शोरूममधून प्रत्येक मॉडेलाची छापील यादी घ्या आणि या दोन ओळी कुठल्या मॉडेलापासून सुरू होतात त्यावर खूण करा. फोर बाय फोर आणि ईएससी यांपैकी एकच परवडत असेल तर आम्ही ईएससी घ्या असे सांगू. चिखलात अडलेली गाडी दुसऱ्या दिवशी निघते.

आणि घरचा दरवाजा मोजा. व्ही-क्रॉस ५,२९५ मिलिमीटर लांब आहे, हायलक्स ५,३२५, म्हणजे साडेसतरा फुटांच्या आसपास. कॅम्पर ४,८५९, म्हणजे सोळा फुटांच्या जवळ. आमच्या गटातल्या एका सभासदाने गाडी आणली, पेढे वाटले, आणि रात्री लक्षात आले की वाड्याच्या बोळातून ती वळतच नाही. आता ती चावडीपुढे उभी असते.

चाचणीला जाताना घरची चार माणसे बरोबर न्या, त्यात आई-वडील असू द्या. शोरूमपुढच्या गुळगुळीत रस्त्यावर एक फेरी मारून परत येऊ नका. वीस किलोमीटर मागा, त्यात खराब रस्ता असू द्या. जमले तर हौद्यात चार पोती टाकून एक फेरी आणि रिकामी एक फेरी. आणि ज्याच्याकडे तीच गाडी दोन पावसाळे झाली आहे अशा माणसाला गाठून त्याचे वर्कशॉपचे कागद बघायला मागा.